पहिला कंटेनर न्हावा शेवाला उतरवण्याआधी: कस्टम्स आणि सुरक्षेची कामं, क्रमाने

कंटेनर अडकला की आयातदाराचा फोन येतो तो बहुतेक वेळा माल उतरून चार दिवस झाल्यावर. तोवर सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं, ग्राउंड रेंट (जागाभाडं) सुरू झालेलं असतं, लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, फ्री डेज (कंटेनर बिनभाड्याने ठेवायचे दिवस) संपत आलेले असतात आणि हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. बंदरावर जो घोळ दिसतो, तो जवळपास नेहमी ऑर्डर देतानाच झालेला असतो. म्हणून या लेखात मी जहाज सुटण्याआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

सगळं एकाच उदाहरणावर समजावून घेऊ. भिवंडीतला एक छोटा व्यापारी चीनमधल्या योंगकांगहून स्टीलचे थर्मास मागवतो आहे. तिथे अशा बाटल्यांचे कारखानेच कारखाने आहेत. माल निंगबो बंदरातून निघेल आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, म्हणजे आपल्या न्हावा शेवाला उतरेल.

आधी नोंदण्या

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळतो. जीएसटी आल्यापासून तुमचा पॅन हाच आयईसी क्रमांक असतो. मिळाला की विसरून जाऊ नका. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. काही बदललं नसेल तरी ‘बदल नाही’ असं नोंदवावंच लागतं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं घोषणापत्र, भरताना कळतं. त्यानंतर आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर, नोंदणी करा, डिजिटल सही घ्या आणि बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, मागून घ्या. जीएसटी, पॅन, बँक खातं आणि आयईसी या चारही ठिकाणी नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग कंपनी’ एवढ्या फरकावरूनही पैसे पाठवताना बँक प्रश्न विचारते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपला आयईसी कुणालाही वापरायला देऊ नका. ‘तुमच्या नावावर एकच कंटेनर काढू, कमिशन देतो’ असं सांगत येणारी माणसं या धंद्यात आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा शेवाला एका कंटेनरमधल्या ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवर हेरॉइन चढवलेलं सापडलं होतं. असा माल सापडला की तपास यंत्रणा पहिल्यांदा पोचते ती कागदावरच्या आयातदाराच्या दारात. कमिशनच्या पंचवीस-तीस हजारांसाठी घरातला माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारतो. नातेवाईक असो की जुना मित्र, नाहीच म्हणायचं.

माल नेमका काय आहे ते ठरवा

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, भारतात कोड आठ आकडी आहे. ड्युटी किती, परवानगी कोणाची, आयात खुली की बंधनातली, हे सगळं त्या आठ आकड्यांवर ठरतं. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर घातलेला कोड तसाच उचलू नका. तो त्याने त्याच्या देशातल्या निर्यातीच्या सोयीने लिहिलेला असतो.

आपल्याच मालात बघा. मधे निर्वात पोकळी असलेला थर्मास ९६१७ या शीर्षकात जातो. तशीच दिसणारी पण एका पत्र्याची साधी स्टीलची बाटली ७३२३ मध्ये, म्हणजे लोखंड-पोलादाच्या घरगुती वस्तूंमध्ये. एकाच कंटेनरमध्ये दोन्ही असतील तर इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमध्ये वेगळ्या ओळी हव्यात, वेगळ्या नगसंख्येसह. ‘स्टेनलेस स्टील बॉटल्स, मिक्स डिझाइन’ असं एका ओळीत उरकलेलं वर्णन म्हणजे क्वेरीला, कस्टम्सच्या लेखी शंकेला, आमंत्रण. आकार, क्षमता, भिंत एकेरी की दुहेरी, मॉडेल नंबर, ब्रँड हे सगळं लिहून मागा. खरोखरच संशय असेल तर निर्णय घेण्याआधी कस्टम्सच्या दरपुस्तकातल्या त्या प्रकरणाच्या (चॅप्टरच्या) टिपा वाचा, किंवा जाणकाराला नमुना प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून कोड ठरवू नये.

परवानगी: इथेच सगळ्यात जास्त पैसा बुडतो

थर्मास आणि पाण्याच्या बाटल्या या दोन्हींवर गुणवत्ता नियंत्रण आदेश आहेत, म्हणजे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह लागतं. परदेशी मालासाठी हा परवाना आयातदाराला मिळत नाही, तो परदेशी कारखान्यालाच घ्यावा लागतो. बीआयएसचा अधिकारी तिथे जाऊन तपासणी करतो, नमुने चाचणीला जातात, कारखान्याला भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. याला महिने जातात. परवाना त्या ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्याचा असतो, त्यामुळे ‘आमच्या भावाच्या फॅक्टरीकडे लायसन्स आहे’ हे उत्तर चालत नाही.

पुरवठादाराने परवान्याची प्रत पाठवली की तीन गोष्टी ताडून पाहा. परवाना क्रमांक बीआयएसच्या संकेतस्थळावर चालू दाखवतो का? त्यावरचा कारखान्याचा पत्ता आणि माल भरला जाणार तो पत्ता एकच आहे का? तुम्ही मागवलेला प्रकार आणि क्षमता त्या परवान्याच्या व्याप्तीत बसते का? तिसऱ्यावर सगळ्यात जास्त लोक घसरतात. प्रमाणपत्राविना आलेला माल दंड भरून सुटेल असं धरून चालू नका. बहुतेकदा तो परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो, तोही तुमच्या खर्चाने.

मालात बारीकसा बदल झाला तरी नियमांचं चित्र बदलतं. झाकणावर तापमान दाखवणारा छोटा डिस्प्ले असलेले थर्मास हल्ली खूप विकले जातात. त्या झाकणात बटण-सेल आहे, म्हणजे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली आयातदार म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीचा प्रश्न आला. माल प्लास्टिकच्या वेष्टनात येत असेल तर प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांखालची नोंदणी वेगळी. ब्लूटूथ असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, मंजुरी. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे. सौंदर्यप्रसाधनं सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे) जातात. खाद्यपदार्थ एफएसएसएआयकडे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे), आणि तिथे मालाची उरलेली मुदत पुरेशी आहे की नाही हेही पाहिलं जातं.

पॅकबंद किरकोळ मालावर वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांप्रमाणे लेबल हवं: आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क. आयातदाराची नोंदणीही त्याच नियमांखाली करून ठेवा. लेबल कारखान्यातच लावून घेतलेलं बरं. मसुदा आपण करून पाठवायचा आणि छापलेल्या लेबलचा फोटो मागवायचा. बंदराच्या गोदामात आठ हजार स्टिकर चिकटवत बसणं महाग पडतं.

मूळ देश लपवता येत नाही

२ मे २०२५ पासून पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तिथून निघालेल्या कुठल्याही मालाची आयात पूर्ण बंद आहे, तिसऱ्या देशातून आणली तरी. त्यानंतर जूनमध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’मध्ये न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले. सुमारे १,११५ टन माल, किंमत अंदाजे नऊ कोटी. त्यात खारीक होती. कागदोपत्री ती अमिरातीची दाखवली होती, प्रत्यक्षात पाकिस्तानातून दुबईमार्गे आलेली. कंटेनर कुठून कुठे फिरला आणि पैसा कुठे गेला, या दोन्ही वाटा तपासात उघड होतात.

सरळमार्गी व्यापाऱ्याने यातून एवढं घ्यावं: पुरवठादार फक्त दलाल असेल तर माल कुठे बनला याचा पुरावा आधीच मागा. मुक्त व्यापार कराराखाली सवलतीची ड्युटी मागणार असाल तर २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेले, मूळ देश कसा सिद्ध करायचा ते सांगणारे कॅरोटार नियम आहेतच. मूळ देशाचं प्रमाणपत्र हाती असणं पुरत नाही. उत्पादन कसं झालं, त्या देशात किती मूल्यवाढ झाली, ही माहिती आयातदाराकडे असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते. माहिती मिळत नसेल तर सवलत मागूच नका, पूर्ण ड्युटी भरा. पुढे व्याजासकट वसुली होण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

सौदा आणि किंमत

नवख्या आयातदाराने शक्यतो एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च पुरवठादाराने करायच्या अटीवर, सौदा करावा. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा पुरवठादार भरतो, त्यामुळे सोपं वाटतं. पण फॉरवर्डर, म्हणजे वाहतूक ठरवणारा एजंट, त्याचा असतो, आणि समुद्रभाडं कमी दाखवून इथल्या डिलिव्हरी ऑर्डरच्या (माल ताब्यात देण्याच्या पत्राच्या) वेळी तुमच्याकडून ते भरून काढणारे महाभाग कमी नाहीत. एफओबीत फॉरवर्डर तुमचा, त्याचे इथले सगळे चार्जेस तुम्ही आधी लिहून घेऊ शकता.

कस्टम्सची किंमत म्हणजे मालाची खरी किंमत अधिक भाडं अधिक विमा. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबीच्या २० टक्के धरलं जातं आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. म्हणून भाड्याचं बिल जपून ठेवा. साच्याचा खर्च, डिझाइनचे पैसे, दलाली, ब्रँडची रॉयल्टी वेगळी दिली असेल तर तीही बऱ्याचदा किंमतीत मिळवावी लागते. आणि ‘अर्ध्या किंमतीचं इन्व्हॉइस बनवून देतो’ असं पुरवठादार आपणहून म्हणाला तर ठाम नकार द्या. कस्टम्सकडे त्याच मालाच्या शेकडो आयातींचे भाव असतात. खोट्या कागदांसाठी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४अअ खाली मालाच्या किंमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, लबाडी असेल तर पाच वर्षं मागे जाऊन वसुली होते, आणि मोठ्या प्रकरणात अटकही होते.

हिशेब कसा लागतो ते पाहा. दर इथे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या कोडचा त्या दिवसाचा दर तपासूनच घ्या. माल १०,००,००० रुपये, भाडं ८८,७५०, विमा ११,२५०, म्हणजे मूल्य ११,००,०००. मूळ ड्युटी २० टक्के धरली तर २,२०,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २२,०००. आता या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १३,४२,००० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २,४१,५६०. एकूण भरणा ४,८३,५६०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे खरा खर्च २,४२,०००. पण भरताना रक्कम पूर्ण लागते. मालाचे पैसे जमवताना ही रक्कम बाजूला न ठेवल्याने कित्येकांचे कंटेनर पडून राहतात.

कंटेनर भरताना

सुरक्षेचा भाग आयातदाराला परका वाटतो, पण त्यातली निम्मी कामं त्याच्याच हातातली आहेत. कारखान्याला सांगा की भरण्याआधी रिकाम्या कंटेनरचे आतून-बाहेरून फोटो हवेत: समोरची भिंत, डावी-उजवी बाजू, तळ, छत, दारं, आणि कंटेनरच्या खालचा भाग. सात ठिकाणं. कुठे नवा रंग, नवं वेल्डिंग, पोकळ आवाज असेल तर तो कंटेनर बदलून घ्यायचा. मग अर्धा भरल्यावर एक, पूर्ण भरल्यावर एक आणि दार बंद करून सील लावल्यावर एक फोटो, ज्यात कंटेनर क्रमांक आणि सील क्रमांक दोन्ही वाचता येतील. सील आयएसओ १७७१२ दर्जाचं बोल्ट सील असावं, त्यावर ‘एच’ खूण असते. तोच क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीवर, आला पाहिजे. इथे उतरल्यावर सील वेगळं निघालं तर हेच फोटो तुमच्या बाजूने बोलतील.

लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) गव्हाच्या कणसाचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड उष्णतेने किंवा धुरीने प्रक्रिया केलेलं आहे. शिक्का नसला तर प्लांट क्वारंटाइनचा फेरा वाढतो. कार्टन नुसते रचून भरले तर हा प्रश्नच उरत नाही.

बॅटऱ्या, रसायनं, परफ्यूम, रंग असं काहीही कंटेनरमध्ये असेल तर ते धोकादायक माल म्हणून लाइनला आधी सांगावं लागतं. भाडं वाचवायला हे लपवणं हा गुन्हा आहे आणि जहाजावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. ९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावा शेवाला येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या जहाजाला केरळच्या किनाऱ्याजवळ आग लागली. २२ खलाशांपैकी चौघे बेपत्ता झाले. अशा वेळी विझवायला गेलेल्या माणसाला कुठल्या डब्यात काय आहे हे सांगणारा एकच आधार असतो, तो म्हणजे तुम्ही-आम्ही दिलेलं वर्णन.

भंगार आणणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यात स्फोटकं आणि किरणोत्सर्गी वस्तू नाहीत असं जहाज सुटण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून लागतं.

चेकलिस्ट आणि बिल ऑफ एंट्री

कस्टम्स ब्रोकर, ज्याला आपण अजूनही सीएचए म्हणतो, तो बिल भरण्याआधी तुम्हाला एक चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा कच्चा मसुदा, पाठवतो. बहुतेक आयातदार व्हॉट्सॲपवर ‘ओके’ लिहून मोकळे होतात. असं करू नका. चहा बाजूला ठेवा, इन्व्हॉइस समोर घ्या आणि ओळ न् ओळ ताडा: जीएसटी क्रमांक, इन्व्हॉइसची तारीख, चलन, अटी एफओबी की सीआयएफ, प्रत्येक ओळीचा कोड, नग आणि एकक, मूळ देश, सवलतीची अधिसूचना, बीआयएस परवाना क्रमांक. कायद्याने स्वयंनिर्धारण, म्हणजे कोड, किंमत आणि ड्युटी स्वतः ठरवणं, आयातदाराचं काम आहे, त्यामुळे चूक टायपिस्टची असली तरी जबाबदारी तुमची.

बिल जहाज पोचण्याच्या आदल्या दिवशी संपेपर्यंत भरायला हवं, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं, त्याचा फायदा घ्या. कागद ई-संचितवर, म्हणजे आइसगेटवरच्या कागदपत्रांच्या सोयीत, चढवायचे. आगाऊ बिल भरलं तरी ड्युटीचा दर जहाजाला प्रवेश मिळतो त्या दिवशीचा लागतो, हे जानेवारीच्या शेवटी माल येत असेल तर बजेटमुळे लक्षात ठेवा.

ड्युटी भरायची ती फक्त आइसगेटवरच्या चलानाने. कुणी ‘कस्टम्समधून बोलतोय’ म्हणत खासगी खात्यावर पैसे मागितले तर फोन ठेवा. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो आणि तो सीबीआयसी या कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

बंदरावर

बिल गेलं की आरएमएस, म्हणजे जोखीम ठरवणारी संगणक यंत्रणा, ते कुठे पाठवायचं ते ठरवते. काही बिलं थेट सुटतात, काही निर्धारणाला, म्हणजे अधिकाऱ्याकडे कोड-किंमत तपासायला, जातात, काही मालाच्या तपासणीला. निर्धारण ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस आहे, त्यामुळे तुमचं बिल चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी पाहत असेल. त्याच्यासमोर तुम्ही नाही, तुमचा कागदच आहे. म्हणून क्वेरी आली की त्याच दिवशी, पुराव्यासकट, मुद्द्याला धरून उत्तर द्या: कॅटलॉग, नमुन्याचे फोटो, पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद. ‘सविनय विनंती’ची दोन पानं काही सिद्ध करत नाहीत.

काही कंटेनर एक्स-रे स्कॅनिंगला निघतात. चित्रात घोषित मालाशी न जुळणारं काही दिसलं की सीएफएसमध्ये पूर्ण तपासणी होते: सील कापतात, कार्टन बाहेर काढतात, नग मोजतात. अशा वेळी पॅकिंग लिस्ट नीट असेल, कार्टनवर क्रमांक असतील, तर काम अर्ध्या दिवसात आटोपतं. कार्टन बिनाक्रमांकाचे असतील तर लेबर, वेळ आणि तुटफूट तिन्ही वाढतात. पुरवठादाराने ‘भेट म्हणून’ न सांगता टाकलेले चार-पाच खोकेही अघोषित मालच ठरतात. हे त्याला ऑर्डरमध्येच लिहून बजावा.

अडलंच तर

अधिकाऱ्याने कोड किंवा किंमत बदलली आणि तुम्हाला पटत नसेल, तर लेखी कारणांसह आदेश मागायचा तुमचा हक्क आहे. कलम १७ प्रमाणे तो १५ दिवसांत मिळायला हवा, आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं. माल तोवर अडवून ठेवायचा नसेल तर बाँड (हमीपत्र) देऊन तात्पुरतं निर्धारण मागा. पैशांची तंगी असेल तर माल बाँडेड गोदामात टाकता येतो, ड्युटी तिथून माल काढताना भरायची. नुसतं थांबून राहणं मात्र सगळ्यात वाईट, कारण ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकायला काढता येतो.

माल सुटल्यानंतर आपलीच चूक लक्षात आली तर गप्प बसू नका. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणलं, त्याखाली आपणहून बिल दुरुस्त करून फरक आणि व्याज भरता येतं. ऑडिटने तीच चूक शोधली तर हिशेब वेगळ्या भाषेत होतो.

माल गोदामात पोचल्यावर

जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या तक्त्यात, बिल ऑफ एंट्री दिसतंय का ते महिन्याच्या शेवटी पाहा. नसेल तर पोर्टलवर मागवून घेता येतं. बँकेतलं काम बरेच जण विसरतात: परदेशी पाठवलेला प्रत्येक पैसा रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस यंत्रणेत बिल ऑफ एंट्रीशी जुळवावा लागतो. आगाऊ दिलेली रक्कम उघडी राहिली की पुढचं पेमेंट बँक अडवते. शंभर-दोनशे डॉलरच्या फरकालाही लेखी खुलासा द्यावा लागतो, म्हणून पैसे पाठवतानाच इन्व्हॉइस क्रमांक नीट लिहा.

प्रत्येक कंटेनरची एक फाइल करा. ऑर्डर, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, भाड्याचं बिल, बीआयएस परवाना, कंटेनरचे फोटो, क्वेरीची उत्तरं, ड्युटीचं चलान, आउट ऑफ चार्जची (माल सोडण्याच्या कस्टम्स आदेशाची) प्रत आणि पुरवठादाराशी झालेली चॅटसुद्धा. ती किमान पाच वर्षं ठेवा, आणि फोनमधली चॅट वेळीच काढून फाइलमध्ये घाला. मालासोबतचा कागद कुणी सहसा हरवत नाही, पण भाव कसा ठरला याचा एकमेव पुरावा नेमका जुन्या फोनमध्ये राहून जातो.